रेणू तोच, पण एसी मापनात कधी एक शिखर, कधी दोन: तपासणी स्फटिकापासून सुरू करा

हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो. आणणारी मुलगी किंवा मुलगा बहुधा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असतो. एकेक रेणू चुंबकासारखा वागेल या अपेक्षेने डिस्प्रोशिअमचं एखादं संयुग त्यांनी तीनदा बनवलेलं असतं. तिन्ही खेपांचा आयआर (अवरक्त वर्णपट) सारखा, सीएचएन (कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजनचं प्रमाण) जुळतं, सिंगल क्रिस्टलवरून रचनाही पहिल्याच खेपेत सुटलेली. चुंबकीय मापन मात्र दर वेळी निराळं. पहिल्या खेपेला एसी मापनात (आलटतं चुंबकीय क्षेत्र लावून तापमानागणिक प्रतिसाद मोजतात, त्यात) एकच सुबक शिखर आलं. दुसऱ्या खेपेला दोन आली. तिसऱ्या खेपेला शिखरच नाही, २ केल्विनपर्यंत नुसती चढत जाणारी शेपटी. आधी स्क्विडवर, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर, संशय घेतला जातो, मग हीलियमवर, मग मापन करून देणाऱ्या ऑपरेटरवर. शेवटी मूल स्वतःच्या हातावर संशय घेऊ लागतं, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं, कारण त्याच्या हातात काहीच दोष नसतो.

दोष बहुतेक वेळा कॅप्सूलमधल्या स्फटिकात असतो. नेमकं सांगायचं तर, एक्स-रेखाली ठेवलेला स्फटिक आणि स्क्विडमध्ये गेलेली पावडर या दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि आपण त्या एकच धरून चालतो.

'सिंगल-मॉलिक्युल मॅग्नेट' या नावामुळेही थोडी दिशाभूल होते. एकेक रेणू स्वतःच्या बळावर चुंबक आहे, शेजारी कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, असं ते नाव ऐकून वाटतं. पण आपण कधीही एकटा रेणू मोजत नाही. काही मिलिग्रॅम पावडर मोजतो, म्हणजे स्फटिकात दाटीवाटीने बसलेले, एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेले, मधल्या फटींत द्रावक अडकलेले असंख्य रेणू. त्यातली एखादी फट रिकामी झाली तरी धातूभोवतीची मांडणी किंचित हलते. आणि चुंबकत्वाची दिशा उलटायला किती वेळ लागतो हे ठरतं ते अशाच किंचित गोष्टींवर.

पहिला प्रश्न: द्रावक जागेवर आहे का?

स्फटिकाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. रचना काढताना आपण स्फटिक मदर लिकरमधून, म्हणजे तो ज्या द्रावणात वाढला त्यातून, उचलतो, लगेच तेलात बुडवतो आणि १०० केल्विनच्या थंड नायट्रोजनच्या झोतात ठेवतो. फटींतल्या डायक्लोरोमिथेनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. उरलेला माल आपण गाळतो, ईथरने धुतो, रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवतो, खलबत्त्यात घोटतो आणि कॅप्सूलमध्ये भरतो. स्क्विडच्या एअरलॉकमध्ये तो पुन्हा दोन-तीनदा व्हॅक्यूमखाली येतो. डायक्लोरोमिथेन ४० अंश सेल्सिअसला उकळतं. एवढ्या सगळ्यातून ते टिकेल अशी अपेक्षा कशी ठेवायची?

द्रावक गेल्याने इतकं काय बिघडतं, हे समजायला मँगनीज-१२ कडे वळावं लागतं. या क्षेत्रातली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त अभ्यासलेली केस आहे, आणि आपल्या तक्रारीचं मूळ तिच्यातच सापडतं.

मँगनीज-१२ ॲसिटेट १९८० मध्ये टी. लिस यांनी बनवलं आणि त्याची रचना प्रसिद्ध केली. मध्ये चार मँगनीज(४), भोवती कड्यासारखे आठ मँगनीज(३). बाहेरच्या आठांचा प्रत्येकी स्पिन २, आतल्या चारांचा ३/२, आणि दोन्ही गट एकमेकांविरुद्ध. सोळातून सहा वजा, म्हणून एकूण स्पिन १०. फ्लॉरेन्सच्या रोबेर्ता सेसोली आणि दान्ते गात्तेस्की यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं की अतिथंड अवस्थेत हा रेणू आपलं चुंबकन धरून ठेवतो. २ केल्विनला तर महिनोन्महिने. क्षेत्रच तिथून उभं राहिलं.

पुढे ॲसिटेटच्या जागी दुसरे कार्बॉक्सिलेट घालून मँगनीज-१२ ची भावंडं बनू लागली, तेव्हा अनेकांच्या एसी मापनात दोन शिखरं दिसायला लागली. एक ४ ते ७ केल्विनच्या पट्ट्यात, दुसरं २ ते ४ केल्विनच्या. सुरुवातीला अशुद्धी म्हणून ते सोडून दिलं जाई. अमेरिकेतल्या जॉर्ज क्रिस्टू आणि डेव्हिड हेंड्रिक्सन यांच्या गटांनी खोलात जाऊन पाहिल्यावर कारण सापडलं. मँगनीज(३) भोवतीचा अष्टफलक यान-टेलर परिणामामुळे एका दिशेने ताणलेला असतो. सहसा हे आठही ताण चकतीसारख्या गाभ्याला जवळजवळ लंब, म्हणजे रेणूच्या मुख्य अक्षाला साधारण समांतर असतात. पण काही स्फटिकांत त्यांतला एखादा ताण आडवा पडून गाभ्यातल्या ऑक्साइडकडे वळतो. एका अणूभोवतीचे दोन बंध लांब व्हायच्या ऐवजी दुसरे दोन लांब झाले, एवढाच फरक. पण त्याने रेणूची सममिती मोडते, बॅरियर (चुंबकत्व उलटायला ओलांडावी लागणारी ऊर्जेची भिंत) खाली येतो, आणि शिखर २ ते ४ केल्विनच्या पट्ट्यात घसरतं. पॅरा-मिथिलबेंझोएटच्या मँगनीज-१२ मध्ये तर संयुग तेच, फक्त स्फटिकात अडकलेलं द्रावक वेगळं, तरी दोन स्फटिकांची वागणूक वेगळी निघाली. फटीत कोण बसलं आहे यावरून एका ताणाची दिशा ठरत होती.

पुढचा भाग तुमच्या तक्रारीशी थेट जुळतो. अशा काही संयुगांत ओल्या स्फटिकाचं शिखर खालच्या पट्ट्यात असतं, आणि तोच नमुना सुकवला की ते वरच्या पट्ट्यात सरकतं. अर्धवट सुकलेल्या नमुन्यात दोन्ही दिसतात. म्हणून 'पहिल्या खेपेला एक, दुसऱ्या खेपेला दोन' असं कुणी म्हणालं की मी आधी एवढंच विचारतो: दुसरी खेप व्हॅक्यूमवर किती वेळ होती?

डिस्प्रोशिअममध्ये यान-टेलरचा संबंध नाही, पण न्याय तोच. धातूला जोडलेल्या पाण्याने फटीतल्या मिथेनॉलला हायड्रोजन बंधाने धरलेलं असेल आणि मिथेनॉल उडून गेलं, तर त्या पाण्याच्या ऑक्सिजनवरचा विद्युतभार बदलतो, धातूपासूनचं अंतर किंचित हलतं, सुलभ अक्ष (चुंबकत्वाला सर्वांत सोयीची दिशा) काही अंशांनी कलतो. एवढंसं पुरतं.

हे तपासायचं कसं

पावडर एक्सआरडी (पावडरवर एक्स-रे टाकून मिळणारा रेषांचा पॅटर्न) सगळेच करतात, पण चुकीच्या मालाचा करतात. मदर लिकरमधून ताजा काढलेला माल पाठवला जातो, पॅटर्न जुळतो, आणि 'फेज शुद्ध आहे', म्हणजे सगळा माल एकाच रचनेचा आहे, असं अहवालात लिहिलं जातं. प्रत्यक्षात स्क्विडमधून बाहेर आलेल्या त्याच कॅप्सूलमधला माल एक्सआरडीला जायला हवा. मापनाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन पॅटर्न एकावर एक ठेवून पाहा. नवीन रेषा उगवल्या किंवा जुन्या रुंद होऊन विरघळल्यासारख्या दिसल्या, तर तुमचा आजार सापडला.

इथे दोन गोष्टींनी घाबरून जाऊ नका. सीआयएफ फाइल (सुटलेल्या रचनेची नोंद) १०० केल्विनची असते आणि पावडर खोलीच्या तापमानाला मोजलेली असते. तापल्यावर जाळी फुगते, त्यामुळे सगळ्या रेषा थोड्या कमी कोनाकडे सरकलेल्या दिसतात. हा आजार नव्हे. दुसरं, पात्यासारखे किंवा सुईसारखे स्फटिक सपाट पाटीवर एकाच अंगाने बसतात आणि काही रेषा वाजवीपेक्षा उंच होतात. रेषांच्या जागा पाहा, उंचीवर फार विसंबू नका. शंका राहिलीच तर काचेच्या केशनळीत, मदर लिकरच्या थेंबासकट मोजा. आणि घोटू नका. किती जण प्रेमाने नमुना मेंदीसारखा बारीक वाटतात! वाटताना द्रावक निघून जातं, कधी फेजही बदलते. बोटाच्या दाबाने मोडतील इतपत दाणे पुरेसे असतात.

टीजीए (तापवताना घटणारं वजन मोजणं) करा, पण तोही त्याच मालाचा. त्याहून सोपी एक खूण तुमच्याकडे आधीच असते: खोलीच्या तापमानाला काय-टीची (चुंबकीय ग्रहणशीलता गुणिले तापमान) किंमत. एका डिस्प्रोशिअम(३) साठी ती १४.१७ च्या आसपास यायला हवी. समजा द्रावक वगळून संयुगाचं रेणुभार १००० आहे आणि रचनेत डायक्लोरोमिथेनचा एक रेणू आहे, म्हणजे आणखी ८५. तुम्ही गणितात १०८५ धरले, पण प्रत्यक्षात द्रावक उडून गेलं असेल, तर किंमत १५.३७ येईल. उलट द्रावक आहे आणि तुम्ही १००० धरले, तर १३.०६. अशा वेळी 'वजन करताना चूक झाली असेल' म्हणून आकडा ओढून १४.१७ वर बसवण्याची सवय प्रयोगशाळांमध्ये आहे. ती मोडा. तो आकडा तुम्हाला काहीतरी सांगत असतो आणि आपण त्याचं तोंड बंद करतो.

उपाय सांगतो. व्हॅक्यूम नको. स्फटिक फिल्टर कागदावर टिपून घ्या, लगेच वजन करा, लगेच सील करा. द्रावक थोडं जड असेल तर वितळलेल्या आयकोसेनमध्ये (मेणासारख्या हायड्रोकार्बनमध्ये) बुडवता येतं. ते ३७ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे हातात धरलेल्या नळीतही. पण डायक्लोरोमिथेनसारख्या उडत्या द्रावकाला तेवढी ऊबही सोसत नाही. तिथे मदर लिकरच्या दोन थेंबांसकट क्वार्ट्झच्या नळीत सील करणं हाच खात्रीचा मार्ग. हवा नीट काढा. ती राहिली तर ५० केल्विनच्या आसपास काय-टीमध्ये एक उंचवटा येतो. तो तुमच्या रेणूचा नसतो, ऑक्सिजनचा असतो. चेंबर आधी थंड करून मग नमुना आत सोडता आला तर उत्तमच. ऑपरेटरला विनंती करा आणि कारण समजावून सांगा, बहुतेक जण ऐकतात.

एकदा बाहेरच्या एका सुविधेकडे आम्ही ओले नमुने पाठवले होते. ते तिथे चार दिवस टेबलावर पडून राहिले आणि मापन झालं ते निराळ्याच पदार्थाचं. तेव्हापासून नळीवर द्रावकाचं नाव आणि 'सुकवू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहितो.

फेज शुद्ध आहे, तरी दोन शिखरं

मग सीआयएफ उघडा आणि असममित एककात, म्हणजे सममितीने ज्याच्यापासून सगळा स्फटिक उभा राहतो त्या सर्वांत लहान तुकड्यात, किती रेणू आहेत ते मोजा. दोन असतील, तर स्फटिकाच्या दृष्टीने तुमच्याकडे दोन वेगळे धातू-परिसर आहेत, आणि दोन शिखरं येणं अगदी स्वाभाविक आहे. कागदावर त्यांचं रासायनिक चित्र एकच असेल, पण एकात ऑक्सिजन-डिस्प्रोशिअम-ऑक्सिजन कोन १७५ अंश आणि दुसऱ्यात १६८ असू शकतो. दोन्ही परिसर वेगवेगळे मोजून मांडा, दोन्हींचं गणित वेगळं करा. पेपरात ही गोष्ट लपवण्याची काही गरज नाही. उलट रचना आणि वागणूक यांची तुलना एकाच नमुन्यात करायला मिळणं हे भाग्य आहे.

असममित एककात एकच रेणू असेल, तर अव्यवस्था शोधा. हे अधिक कठीण, कारण एक्स-रे आपल्याला सरासरी दाखवतो. पुन्हा मँगनीज-१२ ॲसिटेटकडे येतो, कारण या बाबतीत त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्याचा स्फटिक चतुष्कोणी आहे आणि प्रत्येक रेणू चारपदरी सममितीच्या जागेवर बसलेला दिसतो. अशा सममितीत टनेलिंगवर, म्हणजे बॅरियर न ओलांडता चुंबकत्व आरपार उलटण्यावर, कडक बंधनं असतात. काही पायऱ्यांवर ते व्हायलाच नको. पण १९९६ मध्ये हिस्टेरेसिसच्या वळणात (क्षेत्र वर-खाली नेताना मागे रेंगाळणाऱ्या चुंबकनाच्या आलेखात) ज्या पायऱ्या सापडल्या, साधारण ०.४५ टेस्लाच्या अंतराने एकामागून एक, त्यात मनाई असलेल्या पायऱ्याही ठळक होत्या. सममिती म्हणते 'नाही', प्रयोग म्हणतो 'आहे'. उत्तर रेणूत नव्हतं, फटीत होतं. २००२ मध्ये आंद्रेआ कॉर्निया आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रेणूंच्या मधे बसलेलं ॲसेटिक ॲसिड दोन जागांमध्ये विभागलेलं आहे. ते कधी या बाजूच्या रेणूला हायड्रोजन बंध करतं, कधी त्या बाजूच्या. प्रत्येक मँगनीज-१२ भोवती अशा चार जागा. म्हणजे कुणाला शून्य बंध, कुणाला एक, कुणाला चार.

आता हिशोब करून पाहा. प्रत्येक जागी बंध असण्याची शक्यता निम्मी. चारही जागा रिकाम्या असण्याची शक्यता सोळात एक, चारही भरलेल्या असण्याची सोळात एक. म्हणजे खरी चारपदरी सममिती असलेले रेणू आठात एक. बाकी आठातले सात कुठेतरी कललेले, मोडलेले. एक्स-रे मात्र सरासरी काढून सांगतो की सगळे सारखे आहेत. ब्रोमोॲसिटेटचा मँगनीज-१२ आणि पुढे पाण्याच्या जागी मिथेनॉल जोडलेला मँगनीज-१२ ॲसिटेट यांच्यावर इतकं काम झालं ते याचसाठी. त्यांत फटीतल्या द्रावकामुळे सममिती मोडत नाही आणि वर्णपट स्वच्छ येतो.

यावरून माझा एक ठाम आग्रह आहे. फटीतली इलेक्ट्रॉन घनता जुळत नाही म्हणून स्क्वीझ (फटीतलं द्रावक गणितातून वगळणारा प्रोग्रॅम) चालवून ती पुसून टाकू नका, निदान चुंबकीय संयुगात तरी नको. आर-फॅक्टर (मांडलेली रचना आणि मोजणी यांतला फरक) खाली येतो हे खरं, पण तुमच्या रिलॅक्सेशनचं, म्हणजे चुंबकत्व उलटण्याचं, कारण ज्या जागेत दडलेलं असण्याची सर्वांत जास्त शक्यता आहे, तीच जागा तुम्ही खोडून टाकता. दोन दिवस जास्त घाला, द्रावक दोन जागांत विभागून मांडा, प्रत्येक जागेचा हिस्सा मोजा. बंध कुणाशी होतो ते लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही, पण पुढचं सगळं गणित त्यावर उभं असतं.

हिस्टेरेसिसची कंबर शून्यावर आवळलेली

ही दुसरी नेहमीची तक्रार: बॅरियर कित्येक शे केल्विनचा, तरी शून्य क्षेत्राशी येताच चुंबकन धडकन कोसळतं आणि वळण फुलपाखरासारखं दिसतं. डिस्प्रोशिअमचा स्पिन अर्धपूर्णांकी आहे, म्हणून शून्य क्षेत्रात टनेलिंग व्हायलाच नको, असं क्रेमर्सचा सिद्धांत सांगतो. पण शून्य क्षेत्र म्हणजे तुम्ही लावलेलं क्षेत्र शून्य. शेजाऱ्याने लावलेलं शून्य नसतं.

डिस्प्रोशिअमचा चुंबकीय आघूर्ण साधारण १० बोर मॅग्नेटॉन (हे त्याचं एकक) धरा. ८ अँगस्ट्रॉमवर अक्षाच्या रेषेत असलेला एक शेजारी सुमारे ३६ मिलिटेस्लाचं क्षेत्र लावतो. तोच १६ अँगस्ट्रॉमवर असता तर ४.५ मिलिटेस्ला, कारण हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. शेजाऱ्याचा अक्ष तुमच्या रेणूच्या अक्षाशी समांतर नसेल, तर या क्षेत्राचा काही भाग आडवा पडतो, आणि हा आडवा भागच क्रेमर्सची मनाई उठवतो. म्हणून रचना पाहताना सर्वांत जवळच्या दोन धातूंमधलं अंतर तेवढं लिहून थांबू नका. सगळ्या रेणूंचे सुलभ अक्ष स्फटिकात एका दिशेला आहेत की कोयऱ्यांसारखे आलटूनपालटून तिरके, हेही पाहा. ट्रायक्लिनिक स्फटिकात असममित एककात एकच रेणू असेल तर सगळे अक्ष समांतर असतात. मोनोक्लिनिकमध्ये बहुधा दोन दिशा निघतात.

शेजाऱ्याचा दोष आहे की रेणूचा, हे ओळखण्याची चांगली परीक्षा म्हणजे यिट्रिअममध्ये विरळ करणं. यिट्रिअमला स्वतःचं चुंबकत्व नाही आणि त्याच्या आयनाचा आकार डिस्प्रोशिअमच्या अगदी जवळचा आहे, त्यामुळे तो त्याच जाळीत बिनतक्रार बसतो. ५ टक्के डिस्प्रोशिअम ठेवलं की शेजाऱ्यांचं क्षेत्र साधारण वीसपटीने उतरतं. कंबर सुटली, तर दोष शेजाऱ्याचा होता. सुटली नाही, तर दोष रेणूच्या स्वतःच्या सममितीत, नाहीतर अणुकेंद्राच्या स्पिनमध्ये. नाओतो इशिकावा यांच्या टर्बिअम-फ्थॅलोसायनीनमध्ये २ टक्के टर्बिअम यिट्रिअममध्ये विरळ केल्यावरच २००५ मध्ये त्या पायऱ्या स्वच्छ दिसल्या, आणि त्या टर्बिअमच्या अणुकेंद्राच्या ३/२ स्पिनशी बांधलेल्या निघाल्या. दाट स्फटिकात हे सगळं शेजाऱ्यांच्या गोंगाटात बुडून गेलं असतं.

विरळ करताना एक चूक हमखास होते. फ्लास्कमध्ये ५ टक्के घातलं म्हणजे स्फटिकात ५ टक्के गेलं असं धरलं जातं. स्फटिक आपल्या मर्जीने घेतो. आयसीपी (धातूंचं प्रमाण मोजणारी तपासणी) करून खरं प्रमाण काढा. आणि विरळ केलेल्या स्फटिकाची एकक पेटी मूळ स्फटिकाशी जुळते का, हेही पाहा. यिट्रिअमचा स्फटिक वेगळ्या जाळीत गेला असेल, तर तुमची तुलना दोन वेगळ्या पदार्थांची झाली.

शेजारी नेहमी घातच करतो असंही नाही. २००२ मध्ये वोल्फगांग वेर्न्सडॉर्फर, क्रिस्टू आणि सहकाऱ्यांनी चार मँगनीजच्या एका रेणूचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा स्पिन ९/२. स्फटिकात हे रेणू जोडीजोडीने समोरासमोर बसतात. मधे क्लोरीन-क्लोरीनचा स्पर्श आणि कार्बन-हायड्रोजन ते क्लोरीन असे दुबळे बंध, बस्स. त्यातून निर्माण होणारी जोड जेमतेम ०.१ केल्विनची. पण तेवढ्याने शून्य क्षेत्रातलं टनेलिंगच बंद पडलं. पायरी शून्यावरून हलून बाजूला गेली. एकट्या रेणूला जे जमलं नसतं ते स्फटिकातल्या मांडणीने करून दाखवलं. हा पेपर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

गणिताचा बॅरियर मोठा, प्रयोगाचा छोटा

यावर लांब लिहिता येईल, इथे थोडक्यात. गणितात तुम्ही बहुधा एकच रेणू घेता आणि बाकी स्फटिक फेकून देता. प्रतिआयन, फटीतलं पाणी, हायड्रोजन बंध सगळे परत घालून पाहा. एक्स-रेने दाखवलेल्या हायड्रोजनच्या जागा आखूड असतात. जड अणू तसेच ठेवून फक्त हायड्रोजन नीट बसवून घ्या.

बाहेरचं वर्तुळ किती महत्त्वाचं असतं याचं आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे पवईच्या आयआयटीतलं, २०१६ मध्ये रामस्वामी मुरुगवेल आणि गोपालन राजारामन यांच्या गटांनी प्रसिद्ध केलेलं डिस्प्रोशिअमचं संयुग. वर-खाली दोन फॉस्फोनिक डायअमाइड, मध्ये कमरपट्ट्यासारखे पाण्याचे पाच रेणू. पंचकोनी द्विपिरॅमिड, आणि हवेत टिकणारं. बॅरियर सुमारे ७३५ केल्विन, हिस्टेरेसिस १२ केल्विनपर्यंत. ती पाच पाणी धातूला चिकटलेली आहेत, पण त्यांचे हायड्रोजन बाहेरच्या आयोडाइडला आणि फटीतल्या मोकळ्या लिगंडला (लिगंड म्हणजे धातूला जोडणारा गट) धरून आहेत. पाण्यावर आधारलेल्या अशा रचनेला व्हॅक्यूमवर ठेवून मग बॅरियर का पडला म्हणून विचारणं बरोबर नाही.

आणि बॅरियरच सगळं ठरवतो असंही नाही. जाळीच्या कंपनांतून होणारं रामन रिलॅक्सेशन बॅरियरच्या खालूनच वाट काढतं. डिस्प्रोशिअमच्या मेटॅलोसीनमध्ये (यात धातू दोन कार्बन कड्यांच्या मधे असतो) २०१७ ला ६० केल्विन आणि २०१८ ला ८० केल्विनपर्यंत हिस्टेरेसिस पोचलं, त्यात दोन कड्यांमधला कोन सुमारे १५३ वरून १६२.५ अंशांवर जाणं हा एक भाग होता. पण कडक, कमी थरथरणाऱ्या लिगंडांचा वाटाही मोठा होता. मऊ, लोंबकळणाऱ्या साखळ्यांचा लिगंड घेऊन फक्त कोन सुधारत बसलात, तर आकडा फार वर जाणार नाही.

दाणे वळतात, विसरू नका

कमी तापमानाला, मोठ्या क्षेत्रात, मोकळी पावडर कॅप्सूलमध्ये उभी राहते. प्रत्येक दाणा आपला सुलभ अक्ष क्षेत्राकडे वळवतो. डिस्प्रोशिअमच्या पावडरचं चुंबकन ५ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास थांबायला हवं. ते ७-८ कडे सरकताना दिसलं, किंवा मोजताना मध्येच उडी आली, तर दाणे वळत आहेत. आयकोसेनमध्ये गोठवा किंवा गोळी दाबा. मात्र गोळी दाबताना दाबामुळे द्रावक जाऊ शकतं, म्हणून मी आयकोसेनच पसंत करतो. त्याचं स्वतःचं प्रतिचुंबकत्व वजा करायचं राहून जातं, तेही पाहा.

तरीही उलगडलं नाही तर

सगळं करून झालं: द्रावक जागेवर, फेज शुद्ध, एककात एकच रेणू, यिट्रिअममध्ये विरळ केलं, दाणे गोठवले. तरी दुसरं शिखर हटत नाही. मग स्फटिकच बाजूला काढा. संयुग टोल्युइनसारख्या, धातूला न चिकटणाऱ्या द्रावकात विरघळवा, नळीत सील करा, झटकन गोठवा आणि तेच एसी मापन पुन्हा करा. गोठलेल्या द्रावणात जाळी नाही, शेजारी दूर, फटीतला पाहुणा नाही. दुसरं शिखर इथे नाहीसं झालं, तर कारण स्फटिकात होतं आणि परत सीआयएफकडे जायचं. ते तसंच राहिलं, तर रेणूतच दोन रूपं आहेत. मग परत फ्लास्ककडे. मात्र हे करण्याआधी संयुग द्रावणात अखंड राहतं का, लिगंड सुटत तर नाही ना, हे यूव्ही-व्हिजिबल किंवा मास स्पेक्ट्रममध्ये पाहून घ्या. गोठलेल्या द्रावणात प्रत्येक रेणूचा परिसर थोडा वेगळा असल्याने शिखर रुंद येतं, कोल-कोल आलेखातला अल्फा (हा पसारा सांगणारा आकडा) वाढतो. शिखर रुंद झालं म्हणून गोंधळू नका, ते एक आहे की दोन एवढंच पाहा.

आणि वहीत प्रत्येक खेपेसमोर तीन गोष्टी लिहीत चला: कुठल्या द्रावकातून स्फटिक आला, किती वेळ आणि कसा सुकवला, स्फटिक निघाल्यापासून स्क्विडमध्ये जाईपर्यंत किती दिवस गेले. पुढच्या वेळी माझ्याकडे याल तेव्हा मी हेच तीन आकडे आधी मागणार आहे.